बारा अक्षरांची बोली

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळचे पावणेबारा. नंदुरबार, डॉक्टरांची तपासणीची खोली.

हजर: सासूबाई, वय सत्तरीच्या आसपास, नक्की तारीख कोणाकडेच नाही. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे यजमान. नणंद, भावंडांत सगळ्यात मोठी, खापरहून पहाटेच्या एसटीने आलेली. डॉक्टर, सुरतेहून महिन्यातून दोन शनिवार इथे बसणारे. आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गैरहजर: धाकटा दीर, सुरतेला. त्याचा फोन तीनदा आला, तिसरा मी घेतला नाही.

टेबलावर संमतीचा कागद होता. पेन यजमानांच्या हातात होतं, टोपण काढलेलं.

मिसरीने सासूबाईंच्या जिभेचा पुढचा भाग गेल्या वर्षीच नेला होता. आता मागच्या भागात पुन्हा गाठ आली होती. डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. ऑपरेशन केलं तर आशा आहे. नाही केलं तर गाठ थांबणार नाही. आणि केलं, तर उरलेली जीभ जाईल, आवाज राहील की नाही हे आत गेल्यावरच कळेल.

"सही मुलाची चालेल," ते म्हणाले, "पण यांना सगळं समजतंय ना? मग मला यांच्याकडून ऐकायचंय."

"मन्ही माय बोलत नही, साहेब," नणंद म्हणाली.

"बोलतात," मी म्हणाले. "त्या काय म्हणतात ते मी सांगते."

नणंदेने खुर्ची माझ्याकडे वळवली. "माय बोलस का तू बोलस?"

हा प्रश्न का आला, ते आधी सांगायला हवं.

पहिल्या ऑपरेशननंतर सासूबाई घरी आल्या, तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, आणि तोंडातून एक शब्द धड निघत नव्हता. त्यांना लिहिता येत नाही. दिराने मोबाइलमध्ये काहीतरी टाकून आणलं. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई म्हणायची, "मला पाणी हवे आहे." आमच्या घरात आहे-बिहे कोणी बोलत नाही, सगळं 'शे'वर चालतं. सासूबाईंनी दोन दिवस त्या बाईचं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मोबाइल उचलून पिठाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं.

माझी पहिली नेमणूक सातपुड्यात एका पाड्यावर होती. मुलं पावरी बोलायची, मला ती येत नव्हती. दिवाळीपर्यंत मी मुलांकडूनच दोनशे शब्द गोळा करून वही केली, आणि वर्ग चालू झाला. त्यामुळे मला वाटलं, इथेही वहीच करायची. फरक एवढाच होता, की पाड्यावर भाषा होती, मला फक्त उतरवून घ्यायची होती. इथे ती बनवायची होती.

रविवारी सासूबाईंना ओट्यावर बसवलं आणि एकेक अक्षर म्हणायला लावलं. त, न, ल, र, स गेले होते. ट आणि च गेले होते. ओठांचे ब आणि म शाबूत होते. घशाजवळचा ग निघत होता. श्वासाचा ह होता. स्वरांत आ, ओ, ऊ स्वच्छ यायचे, ई आणि ए सांडायचे. चार व्यंजनं, तीन स्वर. बारा अक्षरं. दोन-दोन जोडली की एकशे चव्वेचाळीस शब्द होतात. हिशेब करून मला इतका आनंद झाला, की मी वहीला तेव्हाच कव्हर घातलं.

मग मी ती शाळेच्या पद्धतीने आखली. ब पासून खाणंपिणं. म पासून माणसं. ग पासून घर, शेत, वस्तू. ह पासून शरीर आणि दुखणी. वेळेचे शब्द जागा उरली म्हणून ह मध्येच कोंबले. पाणी बागू, चहा बागो, ज्वारी बोहा. घर गागा, शेत गागो, धान्याची कोठी गूमा. सून, म्हणजे मी, मोगो. शब्द ऐकू आला की पहिल्याच अक्षरावरून कप्पा कळणार, अशी माझी योजना.

योजना चार दिवस टिकली. पाणी मागितलं की चहा जायचा, चहा मागितला की पाणी, कारण एका कप्प्यातले शब्द एकमेकांसारखेच लागत होते. पाचव्या दिवशी सासूबाईंनी चहाचा कप बाजूला सारला, ओठांचा चंबू करून फुंकर मारली आणि म्हणाल्या, "बूहा." मी वहीत बघितलं. असा शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा कपावर फुंकर मारली. "बूहा." मी बागो खोडलं आणि बूहा लिहिलं.

त्या दिवसापासून भाषा दोघींची झाली. माझ्या यादीत पाणी, गोळी, संडास, उशी असं सगळं होतं. नव्हतं ते 'नको'. आजारी माणसाला काय काय लागेल तेवढंच मी लिहिलं होतं. लाळेसाठी त्यांच्याजवळ कायम एक स्टीलची वाटी असायची. त्यांनी वाटीवर बोटाने एक टिचकी मारली, मग "बागू" म्हणाल्या. पाणी नको. दोन टिचक्या म्हणजे प्रश्न. शेवटचा स्वर लांबवला की झालेली गोष्ट. "बूहाऽऽ" म्हणजे चहा झालाय माझा, पुन्हा आणू नकोस. हा भूतकाळ मी कधी शिकवला नव्हता. मी तो नियम सात म्हणून नोंदवला.

आमचं दोघींचं तसं कधी जमलं नव्हतं. जीभ होती तेव्हा त्या मला म्हणायच्या, "कागदमा घर चालस का?" मी याद्या करायचे आणि त्या त्यावर भाजी निवडायच्या. आता संध्याकाळी शाळेतून आले की त्या ओट्यावर वाट बघत बसलेल्या असायच्या, दिवसभराचे शब्द साठवून.

चूक कुठे झाली, तर ती याच सवयीत. शाळेत माझा नियम आहे, एक रजिस्टर, एक जबाबदार व्यक्ती. दोन हात लागले की नोंदी बिघडतात. भाषेची वही मी माझ्या कपाटात ठेवली. यजमानांना आठ-दहा शब्द येत होते, तेही खाण्याचे. नणंद पंधरवड्याने यायची, आईचं "मोगो गागा बोहा" ऐकायची आणि पदर तोंडाला लावायची. एकदा म्हणाली, "येडी करी ऱ्हायनी तू मन्ही मायले." मी तिला शिकवायला हवं होतं. त्या दिवशी मात्र पोळ्या टाकायच्या होत्या.

म्हणून त्या शनिवारी, नंदुरबारच्या त्या खोलीत, सासूबाईंची भाषा येणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातल्या एकीच्या तोंडाचाच प्रश्न होता.

नणंदेचा संशय हवेतला नव्हता. दिवाळीत मी चुलीपाशी म्हणाले होते, "आते आखो किती कापतीन?" ते तिने ऐकलं होतं. तिला वाटत होतं, मी थकले आहे. सतरा फेऱ्या झाल्या होत्या सुरतेच्या. खरं सांगायचं तर माझ्या पर्समध्ये एक कागद होता, ऑपरेशन का नको याची पाच कारणं, क्रमांक घालून. सासूबाई नकोच म्हणतील, अशी माझी खात्री होती. डॉक्टरांनी कारण विचारलं तर ते काढायचं, असं ठरवूनच मी आले होते.

"साहेब, हाई भाषा फक्त हिले येस," नणंद म्हणाली. "ही काय सांगीन ते आम्ही खरं मानानं का?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर बाकड्यावर वीसेक माणसं होती. "मग काय करायचं म्हणता?"

"मी मायले बाहेर लई जास. एक गोष्ट विचारस. तिचं उत्तर माय हिले सांगीन. हिने आम्हले सांगवं."

"ताई, अशी परीक्षा—" यजमान म्हणाले.

"तू पेन धरी बस."

डॉक्टरांनी मान हलवली. नणंद आईला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेली. काचेतून मला दोघींची डोकी दिसत होती, एकमेकींना टेकलेली. नणंदेचे ओठ बराच वेळ हलत होते. सासूबाईंनी एकदा डोळे मिटले.

माझ्या वहीत तेव्हा एकशे एकोणीस शब्द होते. त्या दीड मिनिटात मी ते सगळे मनात चाळले. ती काय विचारेल? नातवंडं आहेत. शेत आहे. सण एकच, दिवाळी. देव दोन. रंग नाहीत. रंगांचे शब्द केलेच नव्हते. लग्न नाही. भांडण नाही.

दोघी आत आल्या. नणंदेने आईला बसवलं, वाटी मांडीवर दिली. "वाटी राहू दे. दुसरा हात पदरमा. खुणा नही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "मोगो. हूबा. गोबा." थांबल्या. लाळ टिपली. "बोहा गूमाऽऽ."

दुसरा भाग लगेच कळला. ज्वारी, कोठी, आणि लांबवलेला स्वर म्हणजे जुनी गोष्ट. "काहीतरी ज्वारीच्या कोठीत होतं," मी म्हणाले.

नणंद पुढे वाकली. "काय होतं?"

मोगो म्हणजे मी, सून. गोबा म्हणजे वस्तू. मधला शब्द मी घाईत सोडून दिला. "माझी वस्तू. माझा... डबा?"

"बस, व्हयनं," नणंद म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली.

वाटीवर टिचकी वाजली. एक. नको. चूक.

"मोगो," सासूबाई म्हणाल्या. मग मोठ्याने, "हूबा." हूबा म्हणजे सकाळ. "हूबा गोबा." हात पदराखाली होता आणि पदर हलत होता. बोटाने दाखवलं असतं तर एका क्षणात झालं असतं, पण त्यांनी हात बाहेर काढला नाही.

सून. सकाळ. वस्तू. सकाळी मी घरातून काय घेऊन निघते? चावी, छत्री, डबा, दप्तर. दप्तरात काय? हजेरीपट, खडू. इतकी वर्षं सासूबाई ओट्यावरून बघताहेत, मी छातीशी काय धरून निघते ते. आणि मी, शिकवण्याचा पगार घेणारी बाई, या माणसाला अक्षर येत नाही म्हणून त्याच्या भाषेत तो शब्दच घालायला विसरले होते.

"पुस्तकं," मी म्हणाले. "ज्वारीच्या कोठीत पुस्तकं होती."

सासूबाई थांबल्या नाहीत. "गागो बागू मूमा." टिचकी. "हाबूऽऽ."

शेत, पाणी, माणूस. असा जोडशब्द वहीत नव्हता. शेताला पाणी देणारा माणूस. म च्या कप्प्यात सगळे होते, मुलं, सुना, नातवंडं, गडी, डॉक्टरसुद्धा. एक माणूस नव्हता. सासूबाईंनी आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणून मीही त्यांना कधी विचारलं नाही, आणि वारलेले सासरे या भाषेत आलेच नव्हते. तापीकाठच्या केळीत पहाटे पाणी धरायला जायचे, एवढ्या खुणेवर त्यांनी ते आता आणून उभे केले. हाबू म्हणजे पाहणं. टिचकी म्हणजे नाही.

"सासऱ्यांनी ती पाहिली नाहीत," मी म्हणाले. "त्यांना कळलं नाही."

नणंदेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी विचारलं," ती म्हणाली, डॉक्टरांना नाही, आम्हालाही नाही, "का बापनी माले सातवीमातून काढी, मन्ही पुस्तकं इकाले काढी, ती कोठे गयी. माले वाटे, इकाई गयी." मग म्हणाली, "लगनमा मायनी एक पिशवी दिन्ही. वरथीन ज्वारी. खाले पुस्तकं. कोणलेच माहीत नही हाई."

यजमानांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे पाहिल्यावरच कळत होतं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच सासूबाईंच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. "आजी, ऑपरेशन करायचं का?"

वाटीवर दोन टिचक्या. "होबा मोगो?" होबा म्हणजे तोंड, मोगो मी, दोन्ही मिळून एक प्रश्न.

"ऑपरेशननंतर सुनेशी असं बोलता येईल का, विचारतात."

"खोटं सांगणार नाही. बहुतेक नाही."

सासूबाईंनी लाळ टिपली. तेवढ्यात मला माझ्या पर्समधला कागद आठवला. आता सगळे माझं ऐकणार होते. परीक्षा पास झाली होती. त्या काय म्हणतील ते ताडून पाहायला कोणीच नव्हतं, आणि कोणाला तशी इच्छाही उरली नव्हती.

"होबा गोहू," सासूबाई म्हणाल्या.

गोहू हा शेतातला शब्द. कापणी. आम्ही तो ज्वारीला वापरायचो, चाऱ्याला वापरायचो. तोंड, कापणी. मी एवढा वेळ घेतला की नणंद म्हणाली, "काय म्हणनी?"

"कापा म्हणतात," मी म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून पुन्हा सांगितलं. "ऑपरेशन करा म्हणतात."

पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला, संमतीच्या कागदावरच. "होगू." हात. मग एक टिचकी. "मोगो." मग "माहो."

माहो म्हणजे सगळे. मी अर्थ लावला तसा सांगितला. "आधी हाताची भाषा करा. आणि ती एकट्या सुनेला नको. सगळ्यांना यायला हवी."

यजमानांनी सही केली. सासूबाईंनी शेजारी अंगठा दिला. संमतीची प्रत पर्समध्ये ठेवताना तो दुसरा कागद हाताला लागला. तो मी बसस्टँडवर फाडला.

ऑपरेशन सोमवार, एक डिसेंबर. हातात दिवस नऊ. त्यात शाळा, कापूस वेचणी, सुरतेला राहायची सोय. मी नवी वही केली. या वेळी कपाटात नाही, ओट्यावरच्या खुंटीला दोरीने. नियम एक: बैठकीला तिघांपेक्षा कमी माणसं नकोत. नियम दोन: नवी खूण मी करायची नाही. नियम दोन सासूबाईंचा.

नणंद खापरला गेलीच नाही. तिच्या घरी फोन करून म्हणाली, माय शिकाडी ऱ्हायनी, येत नही. ती भराभर शिकली, माझ्यापेक्षा. बोटांची माझी खूण चुकली की टाळी वाजवायची. "मॅडम, तुम्हना वर्ग चुकना! परत पहिलीमा बठा." यजमान या वयात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर लपून सराव करताना सापडले. स्वतःच्या कानाची पाळी ओढायची म्हणजे 'थोरला', हे त्यांना मान्य नव्हतं, पण लहानपणी त्यांचे कान किती ओढले गेले याची नणंदेने यादी सांगितल्यावर ते गप्प बसले. पाण्याला खूण झाली, नकोला झाली, दुखण्याच्या चार झाल्या, हळू, जोरात, ठसठस, जळजळ. पुस्तकाची खूण पहिल्याच दिवशी झाली, छातीशी आडवा हात. सासऱ्यांचीही झाली. हाताची कडा जमिनीकडे धरून एकदा पुढे ढकलायची, पाटाचा बांध फोडून वाफ्यात पाणी सोडतात तशी. ती करताना सासूबाई कोणाकडे बघत नाहीत.

काल, शुक्रवारी, मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होते आणि एकाएकी लक्षात आलं. हाताची भाषा पाठीला दिसत नाही. मी वळलेली असेन, यजमान शेतात असतील, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली तर?

आज दुपारी आम्ही तेवढ्याचसाठी बसलो. हजर: सासूबाई, नणंद, यजमान, मी. पितळेची घंटा आणली. सासूबाईंनी ती हातातही घेतली नाही. गळ्याभोवती दोर असल्यासारखा हात फिरवला आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. घंटा ढोराच्या गळ्यात. बरं, वाटी वाजवा. वाटीवर टिचक्या चालतात, मग हाकेला का नको? त्यांनी वाटी पुढे केली, मान वाकडी केली आणि भीक मागणाऱ्या माणसासारखी ती खुळखुळवली. नणंद हसता हसता थांबली. बोलताना वाटी चालेल, बोलावताना नाही. यजमानांनी बिनतारी बेलचं बटण सुचवलं. त्यावर सासूबाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं.

मी पाठ करून उभी राहिले. त्यांनी भुईमुगाची शेंग फेकली. ती यजमानांना लागली. दुसरी चुलीत गेली. तिसरी त्यांनी फेकली नाही. मी वळून बघितलं तर त्या नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि मग त्यांनी जुन्याच भाषेत, उरलेल्या आवाजात हाक मारली, "मोगो," लांब, शेताच्या बांधावरून मारतात तशी. मी ओ दिली. त्यांनी मान हलवली, म्हणजे हे असं पाहिजे.

हे असं सोमवारनंतर कसं करायचं, ते कोणालाच सुचलं नाही.

वहीत आजपर्यंत एकाहत्तर खुणा झाल्या. बॅग भरली, जुने रिपोर्ट वरच्या कप्प्यात, वाटी सगळ्यात शेवटी. गाडी उद्या पहाटे साडेपाचला सांगितली आहे. क्रमांक बहात्तर: हाक. पुढची जागा कोरी.